हिप हॉपचा जन्म: जळती घरे, दोन तबकड्या आणि तारखांचा घोळ

तबकडी | ११ ऑगस्ट, रात्री ९:१२

१९७३ साली आजच्याच तारखेला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स विभागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या शाळकरी मुलीने एक पार्टी ठेवली होती. शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घेण्यासाठी तिला पैसे जमवायचे होते. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असा दर हाताने लिहिलेल्या निमंत्रणपत्रिकेवर होता. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह होता, ज्याला पुढे जग डीजे कूल हर्क या नावाने ओळखू लागले. तबकड्या वाजवणे, तालावर यमकांत बोलणे म्हणजे रॅप, नाच आणि भिंतींवर नावे रंगवणे यांतून घडलेल्या हिप हॉप या संस्कृतीचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगितली जाते.

आमच्या वाचनकट्ट्यावर मी गेल्या महिन्यात या विषयावर बोललो. महामार्गाने ब्राँक्स उद्ध्वस्त केले, घरमालकांनी विम्याच्या पैशांसाठी इमारती पेटवल्या, शाळांतील संगीताचे वर्ग बंद पडले, वाद्ये हाती न लागलेल्या मुलांनी रेकॉर्ड प्लेयरलाच वाद्य केले आणि त्यातून हिप हॉप जन्मले, अशी सर्वत्र वाचायला मिळणारी मांडणी मी रंगवून केली. टाळ्याही मिळाल्या. त्यानंतर एका महाविद्यालयीन मुलीने शांतपणे विचारले, "सर, यातल्या कोणत्या गोष्टी १९७३ च्या आधी घडल्या?" मला उत्तर देता आले नाही.

तोच प्रश्न येथे मांडतो. या कथेतील कोणता भाग तारखांसमोर टिकतो? चर्चा १९६७ ते १९७९ या काळातील न्यूयॉर्कपुरती ठेवावी. रॅप हे संगीत आहे की नाही, हा वाद कृपया येथे नको.

साधा_वाचक | ११ ऑगस्ट, रात्री ९:४०

माझी दोन्ही मुले दिवसभर जे ऐकतात ते सुरू केव्हा झाले, हे आज समजले. ते थांबणार केव्हा, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

मृण्मयी | ११ ऑगस्ट, रात्री ११:०५

तबकडी, त्या मुलीचे कौतुक करायला हवे, कारण तिने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. मी नगररचनेची विद्यार्थिनी असल्याने घटना क्रमाने मांडून पाहते.

ब्राँक्स चिरत जाणाऱ्या क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे या महामार्गाचे काम न्यूयॉर्कचे बडे बांधकाम अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी १९४८ मध्ये हाती घेतले. ईस्ट ट्रेमॉन्ट भागातील केवळ एका मैलासाठी १,५३० कुटुंबांना घरे सोडावी लागली. रस्ता थोडा दक्षिणेकडे वळवला असता तर फारच थोडी घरे पडली असती, हे रहिवाशांनी दाखवूनही कोणी ऐकले नाही. म्हणजे महामार्ग निश्चितच आधीचा आहे. मात्र तेथून उठलेली कुटुंबे मुख्यतः ज्यू कामगारवर्गातील होती, हिप हॉप घडवणाऱ्या मुलांची नव्हती, हे सांगणारे थोडेच. त्यांच्या मागे राहिलेल्या, भाव उतरलेल्या वस्तीत कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबे राहू लागली. १९६८ पासून ब्राँक्सच्या ईशान्य टोकाला को-ऑप सिटी ही पंधरा हजारांहून अधिक घरांची वसाहत भरू लागली आणि ज्यांना शक्य होते ते तिकडे गेले.

आगी साठच्या दशकाच्या अखेरीस वाढू लागल्या आणि त्यांनी कळस गाठला तो सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधील जनगणनेच्या सात प्रभागांनी आगीमुळे आणि ओसाडीमुळे आपल्या ९७ टक्क्यांहून अधिक इमारती गमावल्या. सगळा दोष घरमालकांवर टाकणेही बरोबर नाही. महापालिकेने याच वर्षांत खर्च वाचवण्यासाठी अग्निशमन केंद्रे बंद केली, आणि तीही सर्वाधिक आगी लागत असलेल्या वस्त्यांतील.

आता शाळांकडे येते. न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले ते १९७५ मध्ये, आणि हजारो शिक्षकांना कामावरून कमी केले गेले तेही तेव्हाच. सिंडीची पार्टी त्याआधी दोन वर्षे झाली होती. त्यामुळे 'संगीताचे वर्ग बंद पडले म्हणून हिप हॉप जन्मले' हे वाक्य तुमच्या भाषणातून काढावे लागेल. फार तर वर्ग बंद पडले तेव्हा मुलांच्या हाती पर्याय तयार होता, असे म्हणता येईल.

दूरदेशी | १२ ऑगस्ट, पहाटे ४:२०

मी न्यू जर्सीत राहतो आणि दोन वर्षांपूर्वी मुद्दाम ती इमारत पाहून आलो. जळक्या भिंती, तुटक्या खिडक्या, असे काहीसे चित्र मनात घेऊन गेलो होतो. प्रत्यक्षात हार्लेम नदीच्या काठाजवळ, मेजर डीगन महामार्गाला लागून, शंभराहून अधिक घरांची विटांची एक उंच आणि पूर्णपणे साधी इमारत उभी आहे. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सरकारी सवलतीतून भाडी आटोक्यात ठेवण्याची जी योजना तेथे होती, तिच्यातील ही एक. १९७३ मध्ये ती जवळजवळ नवी होती. दारात वाण्याच्या पिशव्या सांभाळत किल्ली शोधणाऱ्या एका आजीबाईंनी माझ्याकडे 'हा आणखी एक आला' अशा नजरेने पाहिले आणि माझा उत्साह जागच्या जागी बसला.

हिप हॉपचे जन्मस्थान मोडक्या घरात नव्हते. ज्या घराला भाडेकरूंसाठी एक सामाईक खोली होती, त्या घरात ते होते. ती खोली नसती तर पार्टी कोठे झाली असती? गंमत म्हणजे २००७-०८ च्या सुमारास ही इमारत गुंतवणूकदारांच्या हाती जाऊन भाडी वाढण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा रहिवाशांनी याच इतिहासाचा आधार घेऊन लढा दिला आणि स्वतः हर्क त्यांच्या बाजूने उभा राहिला.

कर्णेवाला | १२ ऑगस्ट, सकाळी ८:१५

नमस्कार. सातारा जिल्ह्यात माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा तीस वर्षांचा व्यवसाय आहे. संगीतातले मला फारसे कळत नाही. परंतु यंत्रणेविषयी येथे अजून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो.

हर्कच्या वडिलांनी एका वाद्यवृंदासाठी शूर कंपनीची ध्वनियंत्रणा घेतली होती आणि तिचा आवाज काही केल्या उठत नव्हता. परिसरात ज्यांची यंत्रणा दणदणीत वाजे ते आपली युक्ती सांगत नसत. हा अनुभव माझ्या व्यवसायातील प्रत्येकाला आहे. हर्कने स्पीकरच्या तारेला जॅक लावून ती एका चॅनेलमध्ये घातली, प्रीअँप्लिफायरवरून आवाज ताब्यात घेतला आणि चॅनेलच्या नॉबचाच मिक्सर म्हणून वापर केला. त्याच्या पार्टीला लोक प्रथम ओढले गेले ते आवाजाच्या वजनाने, हे त्या काळच्या अनेकांनी सांगितले आहे. पोटात ठोका बसल्याखेरीज पोरे नाचत नाहीत, हे मी गणपतीत दर वर्षी पाहतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. गाण्यात एखाद्या ठिकाणी गायक आणि इतर वाद्ये थांबतात आणि नुसता ड्रमचा ठेका उरतो, त्या भागाला ब्रेक म्हणतात. नाचणारी मुले त्या काही सेकंदांचीच वाट पाहत उभी असतात, हे हर्कने हेरले. त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन फिरत्या तबकांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरची सुई तोच ब्रेक जेथे सुरू होतो तेथे ठेवायची आणि तेवढ्यात पहिली मागे न्यायची. जेम्स ब्राउनचे गाणे असो की इन्क्रेडिबल बाँगो बँडचे, दहा सेकंदांचा ठेका पाच मिनिटे चाले. आपल्याकडे 'तुझी रेकॉर्ड अडकली का' असे चिडून विचारतात. त्या पोराने ती मुद्दाम अडकवून दाखवली.

परंतु हर्क सुई डोळ्यांच्या अंदाजाने टाकत असे आणि ठेका मध्येच तुटे. तो न तुटू देण्याचे काम ग्रँडमास्टर फ्लॅशने केले. हा मूळचा बार्बाडोसचा मुलगा तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. सुरू नसलेली रेकॉर्ड फक्त आपल्या कानात ऐकू यावी म्हणून त्याने स्वतः स्विच जोडून हेडफोनची सोय केली. रेकॉर्डवर मेणखडूने खूण करून, ती किती फेरे मागे फिरवायची हे तो मोजू लागला. हिशेब सोपा आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे दहा सेकंदांच्या ब्रेकसाठी सुमारे साडेपाच फेरे मागे. रबरी चटईवर रेकॉर्ड हाताने मोकळी फिरेना, म्हणून त्याने फेल्ट कापड आणले, त्याला खळ देऊन इस्त्री केली आणि त्याची चकती रेकॉर्डखाली घातली. त्याची आई शिवणकाम करत असे, त्यामुळे कापडाचे ज्ञान घरातलेच होते.

आता मला सांगा, यात वाद्य नसल्याचे रडगाणे कोठे आहे? दोन तबके, अँप्लिफायर, स्पीकर आणि प्रत्येक गाण्याच्या दोन-दोन प्रती, हे सगळे त्या काळी गिटारपेक्षा महागच पडत असणार.

साधा_वाचक | १२ ऑगस्ट, सकाळी ८:५२

कर्णेवाला, ही मंडळी बागेत आणि मैदानातही वाजवत म्हणे; तेथे वीज कोठून घेत असत?

कर्णेवाला | १२ ऑगस्ट, सकाळी ९:०१

रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचे झाकण उघडून. आपल्याकडे त्याला आकडा टाकणे म्हणतात. पुढचे विचारू नका, माझा परवाना आहे.

शंकेखोर | १२ ऑगस्ट, सकाळी १०:३०

सगळे जण सेजविक अव्हेन्यूला दंडवत घालत आहेत, म्हणून मला विरोधी बाजू मांडणे भाग आहे. कोणत्याही कलेचा जन्म एका खोलीत, एका रात्री होत नाही. हार्लेममध्ये पीट डीजे जोन्स आणि डीजे हॉलिवूड हे प्रौढांच्या डिस्कोमध्ये दोन तबके व्यवस्थित जुळवून वाजवत होते. हॉलिवूड तर गाण्याच्या तालावर यमकांची लांबच लांब बोलणी करत असे. त्याआधी जॉको हेंडरसनसारखे रेडिओ निवेदक यमकांत बोलत. लास्ट पोएट्सनी १९७० मध्येच तालवाद्यांच्या साथीने राजकीय कविता ध्वनिमुद्रित केली होती. भिंतींवर नावे रंगवण्याचा प्रकार फिलाडेल्फियात कॉर्नब्रेड नावाच्या मुलाने साठच्या दशकातच सुरू केला होता. मग ब्राँक्सच्या वाट्याला नेमके काय उरते?

शिवाय हर्क किंग्स्टनमध्ये जन्मला आणि १९६७ मध्ये बारा वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आला. जमैकात रस्त्यावर प्रचंड स्पीकर लावून, त्यावर निवेदकाने बोलत राहण्याची परंपरा पन्नासच्या दशकापासून होती. मग याला जमैकाची निर्यात का म्हणू नये?

तबकडी | १२ ऑगस्ट, दुपारी १:१०

शंकेखोर, जमैकाचा मुद्दा मी भाषणात मोठ्या आत्मविश्वासाने मांडला होता, पण तो दिसतो तितका सरळ नाही. स्वतः हर्कने एका मुलाखतीत असा थेट संबंध नाकारला आहे. जमैकन गाणी ब्राँक्सच्या मुलांना रुचत नव्हती, म्हणून त्याने फंक या ठेक्यावर भर देणाऱ्या अमेरिकन कृष्णवर्णीय नृत्यसंगीताकडे मोर्चा वळवला. किंग्स्टनहून तो संगीत घेऊन आला नसावा; मोठा आवाज, स्वतःच्या नावाची यंत्रणा आणि निवेदकाचा रुबाब या गोष्टींची सवय घेऊन आला असावा. माणूस स्वतःच्या सवयींचा उगम नेहमी ओळखतोच असे नाही, त्यामुळे त्याच्या नकारालाही मी अंतिम मानत नाही.

हॉलिवूडचा मुद्दा मात्र मान्य. तरीही प्रौढांच्या क्लबमध्ये पोशाखाचे नियम होते, दारू होती, प्रवेशशुल्क होते आणि पंधरा वर्षांच्या मुलाला दारातूनच परत पाठवले जाई. जी मुले आत जाऊ शकत नव्हती त्यांनी सामाईक खोल्यांत, शाळांच्या व्यायामशाळांत आणि बागांत आपले वेगळे जग उभे केले. मला वाटते, 'तरुणांची संस्कृती' हे शब्द येथे अक्षरशः घ्यायला हवेत. ग्रँड विझर्ड थिओडोरने रेकॉर्ड हाताने पुढे-मागे घासून 'स्क्रॅच' शोधला तेव्हा, म्हणजे १९७५ च्या सुमारास, तो जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. आवाज कमी कर म्हणून आई दारात येऊन ओरडली, त्याने रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि तिचे बोलणे ऐकता ऐकता हात हलत राहिला, असे तो सांगतो.

साधा_वाचक | १२ ऑगस्ट, दुपारी १:२५

म्हणजे आईच्या ओरडण्याला या कलेत स्थान आहे. हे मी घरी वाचून दाखवणार नाही.

रंगवल्ली | १२ ऑगस्ट, सायंकाळी ६:४५

आतापर्यंत सगळे तबकड्यांविषयीच बोलले. नाचाविषयी आणि त्याहून महत्त्वाच्या एका गोष्टीविषयी मला लिहायचे आहे.

१९७० च्या आसपास ब्राँक्समधील तरुणांचे आयुष्य टोळ्यांच्या हद्दींनी बांधलेले होते. ब्लॅक स्पेड्स, सॅव्हेज स्कल्स, घेट्टो ब्रदर्स अशी त्यांची नावे होती आणि अंगावरच्या जाकिटावरून कोण कोणाचा हे कळे. दुसऱ्याच्या गल्लीत पार्टीला जाणे म्हणजे मार खाण्याची तयारी ठेवणे. २ डिसेंबर १९७१ रोजी घेट्टो ब्रदर्सचा कॉर्नेल बेंजामिन हा तरुण दोन टोळ्यांतील भांडण सोडवायला गेला आणि मारला गेला. त्याच्याकडे टोळीने शांततेचे काम सोपवले होते. सूड घेण्याची पूर्ण तयारी झालेली असताना त्याच्या साथीदारांनी सूड नाकारला आणि ८ डिसेंबरला हो अव्हेन्यूवरील मुलांच्या क्लबमध्ये सगळ्या टोळ्यांची बैठक बोलावली. तेथे झालेला समेट परिपूर्ण नव्हता, मारामाऱ्या पुढेही झाल्या. परंतु हद्दी सैल झाल्या. घेट्टो ब्रदर्सचा तर स्वतःचा वाद्यवृंद होता आणि ते इतर टोळ्यांना आपल्या गल्लीत गाणे ऐकायला बोलावत.

ही घटना १९७३ च्या आधीची आहे, तबकडी. तुमच्या त्या विद्यार्थिनीला द्यायला एक तरी उत्तर मिळाले. सिंडीच्या पार्टीला वेगवेगळ्या गल्ल्यांतील मुले आली आणि कोणी कोणाला भोसकले नाही, यामागे वीस महिन्यांपूर्वीचा तो समेट होता असे मला वाटते. ब्रेकवर नाचणाऱ्या मुलांना हर्कने 'बी-बॉय' म्हटले. त्यांच्या नाचात समोरच्याला खाली दाखवण्याच्या ज्या खुणा असतात त्या भांडणाच्याच आहेत, पण अंगाला हात न लावता केलेल्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मूळची कृष्णवर्णीय मुले या नाचातून बाहेर पडू लागली, तेव्हा तो टिकवला मुख्यतः पोर्तो रिकन मुलांनी; १९७७ मध्ये स्थापन झालेला रॉक स्टेडी क्रू त्यांतलाच. ही संस्कृती केवळ कृष्णवर्णीयांची म्हणून सांगितली जाते, तेव्हा या मुलांवर अन्याय होतो.

मुलींचेही तसेच. पहिली पार्टी एका मुलीने ठेवली, हिशेब तिने सांभाळला आणि इतिहासात 'हर्कची बहीण' एवढीच तिची नोंद उरली. फंकी फोर प्लस वन या गटातील 'प्लस वन' म्हणजे शा-रॉक ही मुलगी होती. चार मुलगे मूळ संख्येत आणि मुलगी अधिक चिन्हानंतर, हे गणित मला अजून सुटलेले नाही.

शाहीरपुत्र | १२ ऑगस्ट, रात्री ८:३०

नाचातल्या या चढाओढी वाचून मला रॅपमधल्या, एकमेकांना शब्दांत हरवण्याच्या चढाओढी आणि त्यांवरून आपले कलगी-तुऱ्याचे सामने आठवले. १९८१ च्या डिसेंबरात हार्लेम वर्ल्ड या क्लबमध्ये कूल मो डी या रॅपरने बिझी बी या दुसऱ्या रॅपरला भर कार्यक्रमात ज्या पद्धतीने निरुत्तर केले, ते ऐकताना डफ कोठे आहे असे वाटत राहते. तसेच आपण ज्या काळाविषयी बोलत आहोत त्याच काळात, २९ मे १९७२ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले होते. ब्राँक्समध्ये पार्ट्या सुरू होत होत्या तेव्हा मराठी वस्त्यांतही त्या लढ्याची जाण होती, एवढेच नोंदवतो.

शंकेखोर | १२ ऑगस्ट, रात्री ८:५०

पँथरच्या नावाचा संबंध खरा आणि थेट आहे. कलगी-तुऱ्याचे केवळ साम्य आहे, आणि साम्याला नाते म्हणू लागलो तर प्रत्येक भांडकुदळ जावई रॅपर ठरेल.

मृण्मयी | १३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

रंगवल्ली, समेटाचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, आभार. आणखी एका लोकप्रिय कथेविषयी लिहिते. १३ जुलै १९७७ च्या रात्री न्यूयॉर्क अंधारात बुडाले, सोळाशेहून अधिक दुकानांचे नुकसान झाले आणि सदतीसशेहून अधिक लोकांना अटक झाली. त्या रात्री लुटलेल्या यंत्रांमुळे दुसऱ्या दिवशी ब्राँक्समध्ये शेकडो डीजे तयार झाले, असे सांगतात. सांगणाऱ्यांत त्या काळचे कलाकारही आहेत, म्हणून ते सरळ फेटाळता येत नाही. पण तोवर हर्कच्या पार्टीला चार वर्षे झाली होती. शिवाय ही गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे हसू येते त्याचा मला संशय आहे. गरिबांच्या कलेमागे चोरी असली की काही लोकांना बरे वाटते.

कर्णेवाला | १३ ऑगस्ट, सकाळी ९:२०

यंत्र लुटून आणता येते. ते वाजवायला येण्यासाठी आधी कोणाच्या तरी शेजारी सहा महिने वायरी गुंडाळाव्या लागतात.

दूरदेशी | १४ ऑगस्ट, पहाटे ३:५५

या सगळ्यात रेकॉर्ड केव्हा निघाली हा प्रश्न राहिला. सहा वर्षे हे सगळे फक्त प्रत्यक्ष आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटवर होते. १९७९ मध्ये सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी न्यू जर्सीत, म्हणजे माझ्या आजच्या घरापासून अर्ध्या तासावर, तीन तरुण गोळा करून शुगरहिल गँगची 'रॅपर्स डिलाइट' काढली आणि जगाला हा प्रकार कळला. त्या तिघांपैकी एकही ब्राँक्सच्या या वर्तुळात नावाजलेला नव्हता. त्यांतील बिग बँक हँकने म्हटलेल्या ओळी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या होत्या. हँकने त्यातले नावही न बदलता कॅझचे टोपणनाव अक्षरांनिशी तसेच म्हटले. कॅझला त्याचे श्रेय मिळाले नाही. तबकाशी झगडणारा डीजेही त्या रेकॉर्डवर नाही. ठेका वादकांकडून वाजवून घेतलेला आहे. ज्याच्या हातातून हे सगळे निघाले तोच पहिल्या प्रसिद्ध रेकॉर्डमधून गायब झाला, याचे मला फार वाईट वाटते.

तबकडी | १४ ऑगस्ट, रात्री ९:३०

सर्वांचे आभार. पुढच्या शनिवारी कट्ट्यावर मी दुरुस्ती वाचून दाखवणार आहे. संगीताचे वर्ग आणि १९७७ चा अंधार ही कारणे मी मागे घेतो. महामार्ग आणि आगी ठेवतो, पण हिप हॉपचे कारण म्हणून नव्हे; ती मुले ज्या शहरात वाढली त्या शहराचे वर्णन म्हणून. हो अव्हेन्यूचा समेट, सामाईक खोली, वडिलांची मुकी यंत्रणा आणि सिंडीची कपड्यांची हौस, यांना वेळ देईन. त्या विद्यार्थिनीला हा धागा पाठवला, तेव्हा तिने विचारले की दोन रेकॉर्ड जुळवणे खरोखर इतके अवघड आहे का. कर्णेवाला, आपण सांगावे.

कर्णेवाला | १५ ऑगस्ट, रात्री १०:४०

तिला सांगा, आज सुट्टी असल्याने मी करून पाहिले. गोदामात दोन जुने रेकॉर्ड प्लेयर होते आणि दोन मांडवांसाठी घेतलेली एकाच चित्रपटगीताची दोन रेकॉर्ड होती. गाण्याच्या मध्यावर आठ सेकंद नुसती ढोलकी आहे. खडूने खूण केली, सौभाग्यवतींकडून साडीसाठी काढलेली खळ मागून फेल्टच्या चकत्या केल्या. माझी यंत्रे पट्ट्यावर चालणारी असल्याने रेकॉर्ड हाताने सोडल्यावर वेग धरायला वेळ लागतो, त्यामुळे ढोलकी दर वेळी लंगडत येई. डीजे लोकांना मोटार थेट तबकाखाली असलेल्या यंत्रांची ओढ का असते, ते तेव्हा समजले. दोन तासांत एकदाच सलग तीन वेळा ठेका जुळला. चौथ्या वेळी सुई उडाली आणि आतून सौभाग्यवतींनी विचारले की रेकॉर्ड अडकली का.